भिंतीआडचे कॉलेज

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका मावशींबरोबर जेलच्या मुलाकातीच्या रांगेत उभे राहण्याचा प्रसंग आला. मावशी सफाई खात्यातून निवृत्त झालेल्या. त्यांचा धाकटा मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मारामारीच्या केसमध्ये आत गेला. खटला अजून उभा राहिलेला नाही आणि जामिनाची पुढची तारीख पडते आहे. मावशींच्या पिशवीत दोन बनियन, साबण आणि अकाउंट्सचे एक जाड पुस्तक होते. दारावरच्या शिपायाने बनियन घेतले, साबण घेतला, पुस्तक मात्र उलटेपालटे करून, पुठ्ठा वाकवून पाहून परत दिले. "हे असे आत जाणार नाही. साहेबांची परवानगी आणा."

मावशी मला म्हणाल्या, "ताई, साबनाला परवानगी लागत न्हाई आन् पुस्तकाला लागती?"

मला काही उत्तर देता आले नाही. दरवर्षी चौदा एप्रिलला 'शिका' हा बाबासाहेबांचा पहिला शब्द आपण व्यासपीठावरून सांगतो. तो शब्द जेलच्या दारापाशी येऊन थांबतो काय? जगात कुठे तुरुंगात रीतसर कॉलेज चालते काय, आणि चालत असेल तर ते चालवणारे लोक ते कसे चालवतात? त्या दिवसापासून मिळेल ते वाचत गेले. त्यातून जे हाती लागले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवते आहे.

शोध जाऊन पोहोचला तो अमेरिकेत. १९१३ साली बाबासाहेब ज्या न्यूयॉर्क शहरात कोलंबिया विद्यापीठात शिकायला उतरले, त्याच न्यूयॉर्क राज्यात. हडसन नदीच्या काठाने शहरातून वर गेले की सिंग सिंग नावाचा जुना तुरुंग लागतो. बाबासाहेबांच्या त्या कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक आता न्यूयॉर्कच्या तुरुंगांत जाऊन वर्ग घेतात. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील काळ्यांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते आणि त्यांचे उत्तरही आले होते. म्हणजे काळ्या बांधवांच्या दुःखाशी आपले नाते आजचे नाही. त्या देशात जवळपास वीस लाख माणसे तुरुंगांत आहेत. लोकसंख्येत काळ्यांचे प्रमाण शेकडा तेरा-चौदा, पण तुरुंगात मात्र साधारण तिघांत एक काळा. हे आकडे वाचताना आपल्याला वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

अॅटिका ते क्लिंटन

न्यूयॉर्क राज्यात अॅटिका नावाचा तुरुंग आहे. सप्टेंबर १९७१ मध्ये तिथल्या कैद्यांनी उठाव केला. पहारेकऱ्यांना ओलीस धरले आणि मागण्यांची यादी पुढे केली. त्या यादीत चांगले अन्न होते, डॉक्टर होता, धर्मस्वातंत्र्य होते आणि शिक्षणही होते. १३ सप्टेंबरला सरकारने गोळीबार करून तुरुंग परत ताब्यात घेतला. त्या सगळ्या प्रकरणात ४३ माणसे मेली. त्यानंतर तुरुंगांत कॉलेजचे वर्ग झपाट्याने वाढले. त्यांच्यासाठी पैसा आला तो मुख्यतः 'पेल ग्रँट' नावाच्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीतून. ही शिष्यवृत्ती १९७२ च्या कायद्याने सुरू झाली. गरिबाघरच्या मुलाला कॉलेजच्या फीसाठी मिळणारी आणि परत न फेडायची मदत, असे तिचे स्वरूप. आपल्याकडच्या भारत सरकार स्कॉलरशिपची आठवण यावी अशी ही योजना. फरक इतकाच की तिथे निकष उत्पन्नाचा, जातीचा किंवा वर्णाचा नाही. कैदीही गरीबच, म्हणून त्यालाही ती मिळे.

मग १९९४ साल उजाडले. गुन्हेगारीवर कडक व्हायचे राजकारण दोन्ही पक्षांत जोरात होते. संसदेत भाषणे झाली की, इमानदार कामगाराच्या मुलाला कॉलेज परवडत नाही आणि खुनी-दरोडेखोरांना फुकट पदव्या वाटता काय? ऐकणाऱ्याला हे पटकन पटते. खरी गोष्ट अशी होती की कैद्यांवर खर्च होणारी रक्कम एकूण शिष्यवृत्तीच्या शेकडा एक टक्काही नव्हती. शिवाय कैद्याला मिळाली म्हणून बाहेरच्या एकाही गरीब मुलाची शिष्यवृत्ती जात नव्हती, कारण जो जो निकषात बसेल त्या प्रत्येकाला ती मिळायचीच. पण आकडे कोण वाचतो? आपल्या पोरांनी स्कॉलरशिप घेतली की 'सरकारचे जावई' म्हणून हिणवणारे आपण ऐकलेच आहेत. तो तोच सूर होता. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सही केली तो दिवस १३ सप्टेंबर १९९४. अॅटिकात गोळ्या चालल्या त्याला त्या दिवशी बरोबर तेवीस वर्षे झाली होती. पुढच्या वर्षी न्यूयॉर्क राज्यानेही आपली वेगळी मदत कैद्यांपुरती बंद केली. देशभरातले शेकडो वर्ग एकामागून एक बंद पडले. कुणाची पदवी दोन विषयांवर राहिली, कुणाची एका सत्रावर.

बेडफर्ड हिल्सच्या बाया

इथून पुढची हकीकत आमच्या भगिनींनी अवश्य वाचावी.

न्यूयॉर्क राज्यात बेडफर्ड हिल्स इथे बायकांचा कडेकोट तुरुंग आहे. तिथे एका कॉलेजचे वर्ग चालत. पैसा बंद झाला तसे ते कॉलेज निघून गेले. वर्गाची खोली रिकामी पडली. कैदी बायका नुसत्या हळहळत बसल्या नाहीत. त्यांनी आपसांत बैठका घेतल्या आणि तुरुंगाच्या अधीक्षिकेकडे गाऱ्हाणे नेले. अधीक्षिका समजूतदार निघाली. बाहेरच्या गावातली काही मंडळी, चर्चवाले, विद्यापीठांतले प्राध्यापक यांना तिने आत बोलावले आणि या बायकांसमोर बसवले. त्यातून काही कॉलेजांनी मिळून जबाबदारी उचलायची असे ठरले. मेरीमाउंट मॅनहॅटन कॉलेजने पदवी द्यायची, इतर कॉलेजांनी शिक्षक द्यायचे, पुस्तके द्यायची, लोकांनी देणग्या द्यायच्या. १९९७ पासून वर्ग पुन्हा सुरू झाले. आणि कैदी बायकांनी काय द्यायचे? आपल्या तुरुंगातल्या मजुरीतून साधारण एक महिन्याची कमाई फी म्हणून भरायची. तिथली मजुरी म्हणजे चहापाण्यापुरती. तरीही फी ठेवली, कारण हे कॉलेज भीक म्हणून नको होते. चळवळीच्या वर्गणीची पावती फाडणाऱ्या आपल्या लोकांना या गोष्टीचे मोल सांगायला नको.

पुढे या कॉलेजचा अभ्यास झाला. मिशेल फाइन या प्राध्यापिका आणि त्यांचे सहकारी यांनी तो केला, पण त्यांच्या बरोबरीने काही कैदी बायकाही संशोधक म्हणून कामाला बसल्या होत्या. ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांनाच लिहिण्यात बसवायचे, ही रीत मला फार आवडली. आपल्या वस्त्यांवर प्रबंध लिहून डॉक्टर झालेले किती जण पुन्हा वस्तीत आले, हा प्रश्न इथे उगाचच मनात येऊन गेला. असो. तो अहवाल २००१ साली आला. सुटून गेल्यावर तीन वर्षांच्या आत पुन्हा तुरुंगात आलेल्या बायकांचे प्रमाण त्यांनी मोजले. कॉलेज न केलेल्यांत ते २९.९ टक्के होते आणि कॉलेज केलेल्यांत ७.७ टक्के.

आकडा मोठा आहेच. पण या अहवालातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. अभ्यासकांनी त्या बायकांच्या मुलांशीही बोलणे केले. आई तुरुंगात असलेल्या मुलाला शाळेत, शेजारात काय सोसावे लागते हे सांगायला नको. भेटीला गेल्यावर आईशी बोलायचे काय, हाच प्रश्न असतो. 'जेवलीस का, बरी आहेस का' इतके झाले की बोलणे संपते. आई कॉलेजात जायला लागली तसा बोलायला विषय मिळाला. तुझा अभ्यास झाला का, माझाही निबंध राहिलाय. ज्या आईची लाज वाटायची ती परीक्षेला बसलेली आई झाली.

वर्ग चालवायचा म्हणजे काय करायचे

आता मुख्य मुद्दा. कॉलेज चालवणाऱ्यांचे काम नेमके काय असते? त्यासाठी कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिनचे उदाहरण घेऊ. १८५२ साली सुरू झालेला हा त्या राज्याचा सर्वात जुना तुरुंग, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीला लागून. फाशीच्या कैद्यांचा तुरुंग म्हणून त्याचे नाव होते. सरकारी पैसा बंद झाला त्यानंतर, म्हणजे १९९६ साली, दोन-तीन वर्गांपासून इथे कॉलेज सुरू झाले. सुरुवात करणाऱ्यांकडे ना इमारत होती ना तिजोरी. आसपासच्या बर्कली, स्टॅनफर्ड अशा नामांकित विद्यापीठांतले प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थी संध्याकाळी फुकट येऊन शिकवत. २००० सालापासून जोडी लेवेन या बाईंनी हे काम अंगावर घेतले. पदवी दुसऱ्याच एका लहान कॉलेजच्या नावाने मिळे. २०२० मध्ये संस्थेने 'माउंट तमालपाइस कॉलेज' हे नाव घेतले. तुरुंगाजवळ उभा असलेला डोंगर, त्याचे हे नाव. जानेवारी २०२२ मध्ये या कॉलेजला स्वतंत्र मान्यता मिळाली. तुरुंगाच्या आतच ज्याचे आवार आहे असे, स्वतःच्या नावाने पदवी देणारे कॉलेज त्या देशात तोवर दुसरे नव्हते. विद्यार्थ्याकडून एक पैसा घेतला जात नाही आणि शिक्षकही वर्षानुवर्षे विनामोबदला येत आले.

ऐकायला सोपे वाटते. पण तुरुंगात वर्ग भरवणे म्हणजे परक्याच्या घरात संसार मांडणे. खोली तुमची नाही, फळा तुमचा नाही, वेळ तुमची नाही. प्रत्येक शिक्षकाची आधी पोलीस चौकशी होणार, मग त्याचे नाव दारावरच्या यादीत येणार. यादीत एक अक्षर चुकले तर प्राध्यापक बाहेर आणि तीस विद्यार्थी आत. कपड्यांचे नियम वेगळेच. कैद्यांचे कपडे निळे, म्हणून शिक्षकाने निळी जीन घालायची नाही. पहारेकऱ्यांचा गणवेश हिरवा, म्हणून तसा हिरवाही नाही. गोंधळ झालाच तर कोण कोण ते बंदूकवाल्याला लांबून ओळखू यावे, हे त्यामागचे कारण! मोबाइल बाहेर. आत इंटरनेट नाही. पुस्तक न्यायचे तर तपासणी आणि मंजुरी.

दिवसातून अनेकदा कैद्यांची गिनती होते. गिनती जुळली नाही तर जुळेपर्यंत कोणी हलायचे नाही. मग वर्गाचे अर्धे तास तिथेच गेले. खाडीवर दाट धुके आले तरीही तसेच. बुरुजावरच्या पहारेकऱ्याला अंगण दिसत नाही म्हणून कैद्यांना बराकीतून सोडत नाहीत. आपल्याकडे पावसाने लोकल बंद पडली की कॉलेज बुडते, तिथे धुक्याने बुडते. कुठे भांडण झाले की सगळा तुरुंग कुलूपबंद. एक दिवस किंवा पंधरा दिवस. परीक्षेचे वेळापत्रक लावणाऱ्या माणसाने हे सगळे धरून चालायचे.

विद्यार्थी दिवसभर तुरुंगातल्या कामावर असतात, म्हणून वर्ग बहुधा संध्याकाळी. हे वाचताना मला आमचे सिद्धार्थ कॉलेज आठवले. १९४६ साली बाबासाहेबांनी ते मुंबईत काढले तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्या गरीब मुलांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. जो शिकणार आहे त्याचा दिवस कसा जातो हे आधी पाहायचे आणि घड्याळ त्याप्रमाणे लावायचे.

शिवाय शाळा अर्ध्यावर सुटलेले विद्यार्थी. कुणी सातवीत सोडली, कुणी नववीत. तुरुंगात येऊन बारावीच्या तोडीची परीक्षा पास झाले, पण इंग्रजी निबंध आणि अपूर्णांक डोंगराएवढे. म्हणून पदवीच्या आधी गणित आणि लेखनाचे तयारीचे वर्ग घ्यावे लागतात. तिथे कुणी घाई करत नाही.

आणि बदली! हा सगळ्यात मोठा शत्रू. सत्र मध्यावर आले आणि कैद्याला पाचशे मैलांवरच्या तुरुंगात हलवले की त्याचे कॉलेज तिथेच तुटले. म्हणून चांगले व्यवस्थापक तुरुंग खात्याशी आधीच बोलून ठेवतात की शिकणाऱ्याला सत्र संपेपर्यंत हलवू नका. खाते ऐकतेच असे नाही. म्हणून अधिकाऱ्यांशी संबंध जपायचे, पण त्यांच्या मुठीतही जायचे नाही. ही कसरत वर्षानुवर्षे चालते. अधिकारी बदलला की पहिल्यापासून सुरुवात.

कोविडच्या वेळी तर कहर झाला. मे २०२० च्या अखेरीस दुसऱ्या तुरुंगातले कैदी तपासणी धडपणे न करता सॅन क्वेंटिनला आणले. दोन हजारांवर कैद्यांना लागण झाली, २८ कैदी आणि एक कर्मचारी दगावला. वर्ग बंद होते. कॉलेजने अभ्यास कागदावर छापून आत पाठवला आणि उत्तरे कागदावर बाहेर मागवली.

वादविवाद आणि हार्वर्ड

न्यूयॉर्कच्या बार्ड कॉलेजची गोष्टही थोडक्यात सांगते, कारण ती एका विद्यार्थ्याने सुरू केली. मॅक्स केनर हा तिथे शिकत असतानाच तुरुंगात वर्ग सुरू करायच्या मागे लागला आणि २००१ मध्ये ईस्टर्न नावाच्या तुरुंगात पहिले वर्ग भरले. प्रवेशासाठी निबंध आणि मुलाखत. जागा थोड्या, अर्ज कितीतरी जास्त. अभ्यासक्रम बाहेरच्या विद्यार्थ्याला जो, तोच कैद्याला. एका ओळीचीही सवलत नाही. २०१५ च्या सप्टेंबरात तिथल्या कैद्यांच्या चमूने जगप्रसिद्ध हार्वर्ड विद्यापीठाच्या चमूला वादविवादात हरवले. विषय असा होता की कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांच्या मुलांना सरकारी शाळेने प्रवेश नाकारता यावा. आणि कैद्यांच्या वाट्याला बाजू आली ती नाकारण्याची! स्वतःला न पटणारी बाजू, इंटरनेट नाही, मागवलेली पुस्तके मंजूर व्हायला आठवडे. तरी जिंकले. वर्तमानपत्रांनी मोठमोठे मथळे दिले. मला त्या विजयापेक्षा सवलत न देण्याची गोष्ट मोठी वाटते. गरिबाला शिकवायचे म्हणजे हलके शिकवायचे, अशी एक समजूत असते. ती कैद्यांनीच मोडून काढली.

पैसा परत आला, काळजीही आली

२०१३ मध्ये रँड या संशोधन संस्थेने अनेक वर्षांचे अभ्यास एकत्र करून निष्कर्ष काढला की तुरुंगात शिक्षण घेतलेल्यांचे पुन्हा तुरुंगात येण्याचे प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा १३ टक्क्यांच्या फरकाने कमी असते. शिक्षणावर घातलेल्या एका डॉलरमागे तीन वर्षांत तुरुंगाचा चार ते पाच डॉलर खर्च वाचतो. अर्थात शिकायला पुढे येणारा माणूस मुळातच सुधारायच्या मनाचा असतो, हेही धरले पाहिजे. आणि माझे स्वतःचे मत विचाराल तर, माणसाला शिकवायचे ते सरकारची बचत होते म्हणून, हा हिशेब मला अपुरा वाटतो. पण राजकारण्यांच्या गळी हाच हिशेब उतरला. २०१५ मध्ये ओबामा सरकारने प्रयोग म्हणून काही कॉलेजांपुरती पेल शिष्यवृत्ती कैद्यांना खुली करण्याचे जाहीर केले. डिसेंबर २०२० मध्ये कायदा बदलला आणि १ जुलै २०२३ पासून कैद्यांवरची बंदी उठली. एकोणतीस वर्षे गेली. १९९४ मध्ये पंचविशीत असलेला कैदी आता चोपन्न वर्षांचा झाला होता.

पैसा परत येताच नव्या काळज्या आल्या. शिष्यवृत्ती त्या वर्षी जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होती. एवढी रक्कम दिसली की दुकान थाटणारेही येतात. कैद्याच्या हातात एक यंत्र द्यायचे, त्यात धडे भरायचे, शिक्षकाचे तोंडही दिसू द्यायचे नाही आणि शिष्यवृत्ती खिशात घालायची, हा धोका सगळ्यांना दिसत होता. म्हणून नियम केले. नफा कमावणाऱ्या संस्थांना मनाई. सुटल्यावर मिळवलेले गुण दुसऱ्या कॉलेजात धरले गेले पाहिजेत. ज्या नोकरीला त्या राज्यात सजा झालेल्या माणसाला परवानाच मिळत नाही, तिचे शिक्षण त्याला विकायचे नाही. शिष्यवृत्तीतले शिल्लक पैसे कैद्याच्या हातात पडत नाहीत. आणि एक गोष्ट फार कळीची: ही शिष्यवृत्ती माणसाला आयुष्यात फक्त बारा सत्रे मिळते. एखाद्या टुकार वर्गाने त्यातली सहा सत्रे खाऊन टाकली, तर ती कुणी भरून देत नाही.

त्यामुळे कार्यालयात बसणाऱ्याचे काम वाढले. प्रत्येक विद्यार्थ्याचा अर्ज कागदावर भरून घ्यायचा, त्याचा जुना दाखला कुठल्या गावच्या शाळेत आहे तो शोधायचा, पूर्वीचे थकलेले शैक्षणिक कर्ज असेल तर ते आधी मार्गी लावायचे, कारण त्यावाचून शिष्यवृत्ती मिळत नाही. तुरुंग खात्याची मंजुरी वेगळी, मान्यता मंडळाची वेगळी, केंद्र सरकारची वेगळी. नव्या नियमांखाली पहिल्यांदा मंजूर झालेल्यांत कॅलिफोर्नियाच्या पेलिकन बे तुरुंगातला पदवीचा वर्ग आहे. हा तोच तुरुंग, जिथल्या एकांत कोठड्यांविरुद्ध २०११ आणि २०१३ मध्ये कैद्यांनी मोठी उपोषणे केली होती. कॅलिफोर्नियात पदवी मिळवणाऱ्या कैद्याला शिक्षेत १८० दिवसांची सूटही मिळते.

अंगुलिमालाचे भिक्षापात्र

वर्षावासात अंगुलिमालाची कथा आपण ऐकतो. दरोडेखोर अंगुलिमालाला तथागतांनी संघात घेतले, इथवर सगळ्यांच्या लक्षात असते. राजा प्रसेनजित त्याला पकडायला निघाला होता, आणि भिक्षूच्या वेषात बसलेला पाहून चकित झाला, हेही लक्षात असते. पण त्यापुढचा भाग सांगायचा राहतो. भिक्षेला गेलेल्या त्याच अंगुलिमालावर लोकांनी दगड मारले. डोके फुटलेले, पात्र फुटलेले, चीवर फाटलेले अशा स्थितीत तो परत आला. संघाने घेतले म्हणून गावाने लगेच घेतले असे झाले नाही.

अमेरिकेतल्या कॉलेजांनाही हे भोगावे लागते. आत पदवीचे निम्मे गुण मिळवलेला माणूस सुटून बाहेरच्या कॉलेजात अर्ज करतो आणि अर्जावर पहिलाच चौकोन विचारतो: तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे काय? कितीतरी जण तिथेच अर्ज टाकून देतात. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या राज्य विद्यापीठाने हा चौकोन प्रवेशाच्या अर्जातून काढायचे ठरवले. म्हणून चांगल्या संस्था सुटलेल्या विद्यार्थ्याचे राहण्याचे, नोकरीचे, पुढच्या प्रवेशाचे पाहण्यासाठी वेगळी माणसे नेमतात.

आणि आपल्या घरी?

सरकारच्याच २०२२ च्या आकडेवारीनुसार भारतातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ म्हणजे चौघांत तिघे कच्चे कैदी, ज्यांचा गुन्हा अजून ठरायचा आहे. एकूण कैद्यांत साधारण दोन तृतीयांश अनुसूचित जाती, जमाती आणि मागासवर्गीय. आत गेल्यावरही जात सुटत नव्हती. झाडू कुणाच्या हाती द्यायचा आणि स्वयंपाक कुणी करायचा हे काही राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत जातीवरून ठरत होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवले. पत्रकार सुकन्या शांता यांनी ते प्रकरण न्यायालयात नेले होते.

शिक्षणाचे दार अगदीच बंद आहे असे मात्र नाही. १९९४ मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगात इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. पुढे या विद्यापीठाने कैद्यांना फी माफ केली. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची केंद्रेही राज्यातल्या काही मध्यवर्ती कारागृहांत आहेत आणि तिथून कैदी पदवीधर झाले आहेत. अडचण आहे ती कच्च्या कैद्याची. शिक्षा लागलेल्याला निदान इतकी वर्षे इथे आहोत हे ठाऊक असते. कच्चा कैदी उद्या सुटेल की पाच वर्षांनी, कोणालाच माहीत नाही. परीक्षेच्याच दिवशी कोर्टाची तारीख पडते. त्याचा अभ्यासक्रम नेहमीच्या कॉलेजचा असेल तर हजेरीचा प्रश्न, प्रात्यक्षिकाचा प्रश्न. अमेरिकेत विद्यापीठ आत माणूस पाठवते, त्याचा पगार देते, त्याच्या टेबलावर ही सगळी कागदे असतात. इथे बहुतेक ते टेबलच नाही. कैद्याची आई हेच ते टेबल.

२०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे महेश राऊत यांचे प्रकरण आले. भीमा कोरेगाव प्रकरणात कच्चे कैदी म्हणून तळोजा तुरुंगात असताना त्यांनी कायद्याची प्रवेश परीक्षा दिली होती आणि त्यांना जागा मिळाली होती. ती कुठे, तर बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या सिद्धार्थ लॉ कॉलेजात! आत असल्यामुळे प्रवेश अडला होता. शिकण्याचा हक्क तुरुंगात गेल्याने संपत नाही, असे न्यायालयाने मानले आणि प्रवेश द्यायला सांगितले. हा निकाल ज्यांची मुले आत आहेत त्यांनी आपल्या वकिलाला जरूर दाखवावा. पुष्कळ वकिलांना तो माहीत नसतो, हा माझा अनुभव.

मावशींच्या वतीने आम्ही दोन अर्ज केले. एक तुरुंग अधीक्षकांच्या नावे, पुस्तकाचे नाव, लेखक, किंमत, सगळे लिहून आणि कॉलेजच्या ओळखपत्राची झेरॉक्स जोडून. दुसरा वकिलामार्फत कोर्टात, परीक्षेला बसू देण्यासाठी. पहिल्या अर्जाचे उत्तर दीड महिन्याने आले आणि पुस्तक आत गेले. पुठ्ठा काढून द्यावा लागला. तो मावशींनी घरी जपून ठेवला आहे, पोरगा आला की चिकटवायचा म्हणून. दुसऱ्या अर्जावर तारीख पडली आहे. परीक्षा त्याच्या आठ दिवस आधी आहे.